नसलेल्या कचेरीचा फोन

आमच्या घरात शिरायचं तर आधी ह्यांच्या तपासणीतून पास व्हावं लागतं. ओझरच्या विमान कारखान्यात गेटवर येणाऱ्याजाणाऱ्यांचे पास तपासण्यात ह्यांची अख्खी नोकरी गेली. निवृत्त होऊन इंदिरानगरात राहायला आलो, तरी गेट काही सुटलं नाही. गॅस सिलिंडरवाला दारात आला की हे त्याला ओळखपत्र विचारतात. मी म्हणते, अहो, इतकी वर्षं येतोय बिचारा, आता त्यानेच तुम्हाला विचारायला हवं. पण ऐकतील तर शपथ.

त्यात शेजारच्या सोसायटीतल्या एका मास्तरांना फोनवरच्या तोतया पोलिसांनी घरातल्या घरात डांबून ठेवलं. व्हिडिओवर वर्दी, मागे भिंतीवर राजमुद्रा, सगळा थाट. मास्तर बाथरूमलासुद्धा त्यांना विचारून जायचे म्हणे. झालं, ह्यांना चेवच चढला. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर उभं राहून भाषण ठोकलं. अनोळखी नंबर उचलायचा नाही, कॅमेऱ्यासमोर आधार धरायचं नाही, आणि मुलगा किंवा मुलगी संकटात आहे असं कोणी सांगितलं की आधी फोन कापायचा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

आमची एकुलती एक मुलगी तेव्हा तैवानला शिकत होती. तिचा व्हिसा आला तेव्हा मी तिला छेडलं होतं, की अगं, हे कसलं ऑफिस, नावात संस्कृती काय, केंद्र काय, हे व्हिसा देतात की भरतनाट्यम शिकवतात? ती हसली होती. म्हणाली, आई, त्यांची आणि आपली वकिलात नाही एकमेकांकडे, म्हणून अशी वेगळ्या नावाची ऑफिसं काढलीत, काम तेच करतात. मी मान डोलावली आणि विसरून गेले.

त्या सकाळी मी मेथी निवडत बसले होते. ह्यांच्या फोनवर परदेशी नंबर आला. पलीकडे हिंदीत बोलणारी बाई होती. तुमच्या मुलीला स्कूटरवर अपघात झालाय, ती बेशुद्ध आहे, हॉस्पिटलला आई-वडिलांशी तातडीने बोलायचंय. ह्यांनी विचारलं, कुठून बोलताय? ती कुठल्याशा असोसिएशनचं नाव सांगायला लागली आणि ह्यांनी फोन कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग नंबरच ब्लॉक केला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुलीला फोन लावला तर बंद. हे म्हणाले, बंदच असणार, आधी मुलांना फोन बंद करायला लावतात, मग आई-बापांना गाठतात. मग चष्मा लावून इंटरनेटवर शोधायला बसले, आणि थोड्या वेळाने विजयी चेहऱ्याने वर बघितलं. तैवानमध्ये भारताची वकिलातच नाही, मग अपघाताचं कळवणार कोण! नसलेल्या कचेरीतून फोन आला होता म्हणे. ह्यांच्या लेखी विषय संपला. मी मुलीला पुन्हा फोन लावला, अजून बंदच. अशी चिडले मी ह्यांच्यावर, की मेथीची जुडी तशीच टाकून उठले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. तीच बाई. कापा, कापा, म्हणत हे धावत आले. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. डोकं मात्र ठिकाणावर होतं. बाकी काही न ऐकता मी सरळ विचारलं, तुम्ही एम्बेसीतून बोलताय का?

ती म्हणाली, "जी नहीं आंटी. यहाँ हमारी एम्बेसी है ही नहीं. हम असोसिएशन हैं. पर आपकी बेटी के लिए जो करना है, वो हम ही करेंगे."

मला व्हिसाच्या वेळचं ते भरतनाट्यम आठवलं आणि मी तिथेच स्टुलावर बसले. मुलगी खरंच हॉस्पिटलात होती.

तिने शांतपणे सगळं सांगितलं. पाय आतून इतका सुजला होता की रक्त पुढे जात नव्हतं. लगेच चिरून उघडायला हवा होता. पण उघडल्यावर आतलं मांस मेलेलं निघालं, तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आणि त्यासाठी डॉक्टरांना आई-वडील दोघांचा होकार हवा होता. व्हिडिओवर, ओळख दाखवून. मुलीजवळ फोन न्यायला परवानगी नव्हती. तिचा चेहरा दाखवता येणार नाही, हेही त्या बाईने आधीच सांगून टाकलं.

हे ओरडलेच. हेच, अगदी हेच तर मी कट्ट्यावर सांगितलं होतं! आधार मागणार, मुलगी दाखवणार नाही. फोन हिसकावायला हात पुढे केला. आमच्या संसारात मी त्यांचा हात कधी झटकला नव्हता. त्या दिवशी झटकला.

"अहो, तिला फसवायचंच असतं तर ती एम्बेसी म्हणाली असती," मी म्हटलं. "मास्तरांना फसवणारे पोलीस झाले, न्यायाधीश झाले. ही नाही म्हणाली. तुम्ही तोंडावर विचारलंत तरी नाहीच म्हणेल."

हे माझ्याकडे बघत उभे राहिले. आयुष्यभर कागद बघून माणसं आत सोडलेला माणूस, आणि आज बघायला कागदच नव्हता. मग आत गेले. कपाट उघडल्याचा आवाज आला. आधार कार्ड घेऊन आले, सदऱ्याने पुसलं आणि कॅमेऱ्यासमोर धरलं. हात इतका कापत होता की ती बाई म्हणाली, सर, जरा स्थिर धरा. मी त्यांचं मनगट धरलं. ह्यांनी आपलं नाव सांगितलं, तिचे वडील म्हणून सांगितलं आणि म्हणाले, "पैर निकालना पड़े तो निकालिए. लड़की बचाइए." मग मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही.

तो दिवस कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. चहा केला तो तसाच निवला. ह्यांनी नंबर अनब्लॉक केला आणि फोन मांडीवर घेऊन बसले. मधेच म्हणाले, फसवलं असेल तर बरं होईल गं. मलाही तेच वाटत होतं.

दिवेलागणीला फोन आला. पाय राहिला होता. पोटरीतलं थोडं मांस काढावं लागलं होतं. मी देवासमोर जाऊन रडले. मागून ह्यांचा आवाज ऐकू येत होता. ते त्या बाईला विचारत होते, मी पहिल्यांदाच ऐकून घेतलं असतं तर ते मांसही वाचलं असतं का? ती म्हणाली, डॉक्टरांना विचारून सांगते.

कोणीही दुसरं असतं तर विसरून गेलं असतं, नाहीतर उगीच धीर देऊन मोकळं झालं असतं. तिने दुसऱ्या दिवशी आठवणीने फोन केला. म्हणाली, "सर, डॉक्टर कहते हैं, शायद बच जाता." तिच्या खरेपणावर तर मी माझी लेक सोपवली होती. पण त्या एका वाक्यापुरतं तिने खोटं बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मुलगी सुट्टीत येऊन गेली. चालते, हिंडते, फक्त जिना उतरताना कठडा धरते. ती उतरायला लागली की हे खोलीत निघून जातात. तिने त्यांना एका शब्दाने बोल लावलेला नाही.

कट्ट्यावर हे आता भाषण करत नाहीत. फोन मात्र प्रत्येक उचलतात, कर्ज देणाऱ्यांचे, प्लॉट विकणाऱ्यांचे, सगळे. परवा कुठल्याशा क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा आला. तिने नमस्कार सर म्हटलं असेल नसेल, तोच हे खुर्चीतून उठून उभे राहिले आणि विचारलं, "बोला, माझी मुलगी बरी आहे ना?"