वाऱ्याची बाजू

क्षयरोगाच्या वॉर्डात मला पाहताच खाटेवरच्या सुनंदाताईंनी घाईघाईने मास्क वर ओढला. "सर, लांबच बसा हं."

आमच्या प्रयोगशाळेत त्या थुंकीचे नमुने तपासायच्या. नमुने उघडायच्या कपाटाच्या तोंडाशी टिश्यूची पट्टी चिकटवलेली असते. कपाटातला पंखा हवा खेचत असला की ती आत ओढली जाते; तरच काम सुरू करायचं. त्या दिवशी पट्टी नुसती लोंबत होती. त्यांनी दाखवली, तर मी म्हणालो, "आजचे उरका, उद्या मेकॅनिकला बोलावतो." तो उद्या महिन्याने उगवला.

जंतू अडवायला दोन दारं, जाड काच; सोडायला माझं एक वाक्य पुरलं.

आज हे त्यांना सांगायचंच होतं. तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "खिडकीत बसा ना सर. तिथला वारा तुमच्याकडून माझ्याकडे येतो."

मी खुर्ची उचलून खिडकीत नेली.