बाकीचे कुठे गेले, हे विचारणाऱ्या अक्का

अमळनेरला सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला मी नाकाला रुमाल लावून उभी होते. समोर विष्ठेच्या नमुन्याची बाटली होती. इंदूअक्कांनी, म्हणजे आमच्या प्राध्यापक इंदुमतीबाईंनी, ती सहज उघडली आणि म्हणाल्या, "नाक मुरडू नकोस. यातल्यांच्या जिवावर तू जेवण पचवतेस." मी शिंदखेड्याची, बोलायला तिखट, पण त्या दिवशी माझी बोलती बंद झाली. अक्का पंच्याहत्तरी गाठत असताना कबूल करते, त्यांच्यासमोर ती अजून पुरती उघडलेली नाही.

प्रयोगशाळेतला रिवाज असा, की रोगजंतू शोधायचा. सापडला तर नाव लिहायचं, नाही तर 'रोगजंतू आढळले नाहीत' असा अहवाल देऊन मोकळं व्हायचं. अक्कांना एवढ्यावर समाधान नसे. जंतू वाढवायच्या प्लेटवर पोटातले नेहमीचे, निरुपद्रवी रहिवासी किती उगवले, हेही त्या वहीत लिहून घेत. आम्ही वैतागायचो. "हे परीक्षेत विचारत नाहीत, अक्का," असं मी एकदा म्हटलंही. "पोट परीक्षा घेईल तेव्हा विचारेल," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे मी धुळ्यात स्वतःची लॅब काढली. तीन वर्षांपूर्वी मायला न्यूमोनिया झाला. प्रतिजैविकांनी छाती सुधारली, पण जुलाब लागले ते थांबेनात. नमुना मी स्वतः तपासला. टायफॉइड नाही, हगवणीचा जंतू नाही, प्लेट अगदी स्वच्छ! मी आनंदाने अहवाल लिहिला. चार दिवसांत माय अंथरुणाला खिळली. "मन्हा आंगमा जीवच नही ऱ्हायना व पोरी," ती पुटपुटली, तेव्हा माझं धाबं दणाणलं. मी अक्कांना फोन केला.

भर मे महिन्यात त्या एसटीने धुळ्याला आल्या. पाणीही न पिता त्यांनी प्लेट मागितली, उजेडात धरली आणि म्हणाल्या, "बाकीना बठ्ठा कोठे ग्यात?" वर्गात नेहमी प्रमाण मराठी बोलणाऱ्या अक्का अहिराणीत आल्या की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

एरवी हमखास दिसणारे, नेहमीच्या रहिवाशांचे गुलाबी ठिपके त्या प्लेटवर नव्हतेच. मी जिच्यावर खूश होते, त्या कोऱ्या प्लेटनेच दुखणं दाखवलं होतं. औषधाने चांगल्या जंतूंची वस्ती उठली होती आणि हवेचं वावडं असलेला, आमच्या साध्या प्लेटवर न वाढणारा एक जंतू आत फोफावला असावा, असा अक्कांचा कयास होता. "केळीचं वावर मोकळं पडलं की लव्हाळा माजतो, तसंच," त्यांनी समजावलं. "आणि हा नुसता माजत नाही. विष सोडतो, आतड्याला सूज आणतो. मग जुन्यांना परत पाय रोवता येत नाहीत."

डॉक्टरांशी त्या स्वतः बोलल्या. "माझा फक्त संशय आहे, निर्णय तुमचा," असं अदबीने म्हणाल्या. विषाची तपासणी झाली, संशय खरा ठरला, औषध बदललं. पंधरवड्याने माय भाकरी मागू लागली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

चूक माझीच होती. अक्कांनी मला फक्त अहवाल पुन्हा लिहायला बसवलं. काहीच न उगवलेल्या प्लेटवरून माणसाला एवढं दिसू शकतं, याचं नवल मला आजही वाटतं. खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटते.

अक्कांना निरामय दीर्घायुष्य लाभो, असं लिहून मी लेख मायला वाचून दाखवला. तिला ते अपुरं वाटलं. "लिख," ती म्हणाली, "मन्हं आयुष्य अक्काले लागो." अक्का याला शास्त्रीय आधार मागतील, हे मला ठाऊक आहे. पण जे आयुष्य त्यांनीच राखलं, ते माय त्यांना देते आहे. मी कोण अडवणार? लिहिलं.