जास्वंदीखाली कोणी नाही

माझं अक्षर बरं आहे. एवढ्याच गुणावर मला कुत्र्यांच्या नसबंदीच्या शिबिरात घेतलं.

"कुत्री धरता येतात का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"नाही."

"धरलेलं कुत्रं आवळून ठेवता येईल?"

"जमेल असं वाटत नाही."

"रक्त बघून चक्कर येते?"

"अजून तशी वेळ आली नाही."

"मग तुम्ही रजिस्टर घ्या," बाई म्हणाल्या आणि पुढच्या माणसाकडे वळल्या.

शिबिर दर रविवारी भरायचं. बारामतीहून तासाभरावर, इंदापूर तालुक्यात, डाळिंब भरायचं एक शेड रिकामं पडलं होतं, तिथं. जाळीची गाडी आसपासच्या गावांतून मोकाट कुत्री आणायची, काही लोक आपापली घेऊन यायचे. प्रत्येकाच्या गळ्यात नंबराचा पट्टा. ऑपरेशन झालं की डाव्या कानाचं टोक जरासं कापायचं, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा धरलं जात नाही. मग भूल उतरेपर्यंत डाळिंबाच्या मोकळ्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर निजवायचं. पुठ्ठ्यावर 'निर्यातीसाठी निवडक' असं छापलेलं असायचं आणि त्यावर जीभ बाहेर काढून एखादा गावगुंड बोका, म्हणजे कुत्राच, पण चेहरा बोक्याचा, घोरत पडलेला असायचा.

रजिस्टरात बरेच रकाने होते. त्यातल्या दोनच रकान्यांबद्दल बाईंनी पहिल्या दिवशी मला बजावलं. एक, 'कुठून आणलं'. दुसरा, 'कुठं सोडलं'.

"या दोन्हींत एकच पत्ता पाहिजे, सर. गल्लीसुद्धा बदलायची नाही. परक्या जागेत सोडलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री फाडतात. नाहीतर ते घर शोधत रस्त्यावर येतं आणि गाडीखाली जातं."

मी मान खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. खरं तर त्यात उतरवून घेण्यासारखं काही नव्हतं. मान खाली घालायला काहीतरी कारण हवं होतं.

आता सांगूनच टाकतो.

आमच्याकडे नको असलेलं कुत्रं मारत नाहीत, नेऊन सोडतात. सांगवीकडचे लोक भाजीच्या टेम्पोतून बारामतीत आणून सोडतात, बारामतीचे इंदापूरकडे नेऊन सोडतात आणि इंदापूरकडचे कुठं सोडतात ते बारामतीत आल्यावर कळतं. कुत्री तेवढीच राहतात, फक्त हिंडून येतात. सगळे हे करतात आणि कोणी बोलत नाही.

सहा वर्षांपूर्वी मीही केलं. आमच्या कॉलनीत एक तांबडी कुत्री होती. बायकोनं तिला लळा लावला होता. बायको दुपारी पायरीवर टेकली की ती बायकोच्या चपलेवर डोकं ठेवून झोपायची. चप्पल कधी चावली नाही, नुसती उशी. वर्षातून दोनदा आमच्या पाण्याच्या टाकीमागं पिल्लं घालायची. शेजारी मला गाठून बोलायचे, बायकोला कोणी बोलायचं नाही. मला लोकांना 'नाही' म्हणता येत नाही. एका दुपारी बायको माहेरी गेली होती, मी पोत्यात भाकरी टाकली, तांबडी भाकरीमागं आत गेली. तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही. स्कूटरच्या पुढं पोतं ठेवलं आणि इंदापूर तालुक्याची हद्द ओलांडून एका बाजरीच्या शेताकडेला तिला सोडलं.

बायको परत आल्यावर मी सांगितलं, गाडीखाली आली.

"कुठं आहे?"

"पुरली."

"कुठं?"

हा प्रश्न मी धरलाच नव्हता. मी अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी त्या कोपऱ्यात तिनं जास्वंद लावली. जास्वंद अशी काही फोफावली की विचारू नका. रोज सकाळी बायको तिचं पहिलं फूल देवाला वाहायची आणि म्हणायची, "आपल्या तांबडीचं." मी त्याच जास्वंदीसमोर खुर्ची टाकून चहा प्यायचो. पाहुणे आले की ती त्यांना जागा दाखवायची. एकदा माझ्या मेहुण्यानं तिथं चपला काढून नमस्कार केला. मीही केला. काय करणार?

शिबिराला जातो म्हटल्यावर तर तिनं डबाच बांधून दिला. "तिच्यासाठी करताय, मला कळतं," म्हणाली. त्या रविवारी तो डबा मी गाडीच्या ड्रायव्हरला देऊन टाकला.

शिबिराचा चौथा का पाचवा रविवार असेल. पिकअपमधून एक आबा उतरले. पांढरी टोपी, हातात दोरी, दोरीला एक तरणी कुत्री.

"लिवा मास्तर. नाव काळी."

"आबा, ही तांबडी आहे."

"दिसतीय की मला. पर तांबडी हिच्या आईचं नाव हाय. एकीला हाक मारली की दोघी येत्यात, म्हणून हिला काळी."

"कुठून आणली?"

"माझ्या गोठ्यातनं. हां, आईचं इचारत असाल तर ती बारामतीची."

माझं पेन थांबलं.

"सा वर्षं झाली," आबा टेबलावर हात टेकून रंगात आले. "भर दुपारचा एक गडी स्कूटरवरनं आला. फुडं पोतं, पोत्यातनं कुत्रीचं तोंड भाईर. डोस्क्यावर हेल्मेट. आता आमच्या शिवारात हेल्मेट घालून कोण येतंय? म्हनलं सरकारी मानूस, कायतरी मोजाय आलाय. मी बाजरीत खाली बसलो."

"का?"

"दिसलो की सही मागत्यात. तर त्यानं कुत्री सोडली, तिच्याफुडं भाकरी ठेवली आन् तिला हात जोडलं."

"हात जोडले?"

"देवाला जोडत्यात तसं. म्हनलं सरकारात नवी पद्धत निगाली आसंल. मग पळाला. पोतं हितंच इसरला."

हात जोडल्याचं मी विसरलो होतो. आबांनी सांगितलं आणि आठवलं.

"मग... तिचं काय झालं?"

"काय व्हायचंय? घरी हाय. वय झालं आता. दीसभर माझ्या चपलेवर डोस्कं ठिवून पडती."

'कुठून आणलं' या रकान्यात मी 'बारामती' लिहिलं, ते खोडलं आणि आबांच्या वस्तीचं नाव लिहिलं. सगळ्या रजिस्टरात तेवढी एकच खाडाखोड आहे.

ती जिवंत होती. बायकोला याहून मोठी आनंदाची बातमी नव्हती आणि ती सांगायला माझं तोंड नव्हतं.

टाके बघून बुधवारी कुत्री परत सोडायची होती. शाळा सुटल्यावर मी गाडीमागून स्कूटरनं आबांच्या वस्तीवर गेलो, सही घ्यायच्या निमित्तानं. गोठ्यापुढं तांबडी पडली होती. तोंडाजवळ पांढरी झालेली, पण तीच. मी स्कूटर लावली. तिनं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, उठली आणि गायीमागं जाऊन दडली.

"तिचं एवढं एकच हाय बगा," आबा म्हणाले. "ट्रॅक्टरला भीत न्हाय, सापाला भीत न्हाय. हेल्मेट दिसलं की आत."

मी हेल्मेट काढलं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. मी चपला काढून तिच्यापुढं सरकवल्या. तिनं त्या हुंगल्या आणि आबांच्या चपलेवर जाऊन झोपली.

"आबा," मी म्हणालो, "तो मी."

"कोन?"

"सरकारी माणूस."

आबा तंबाखू मळायचे थांबले. माझ्याकडे बघितलं, हेल्मेटकडे बघितलं. मग म्हणाले, "पोतं परत पायजे का काय? फाटलंय आता."

"नको."

"घरी म्हाईत हाय?"

"मेली म्हणून सांगितलंय."

"मग हितं मला काय सांगतासा? जावा घरी."

रात्रभर मी वाक्यं जुळवली. सकाळी बायको जास्वंदीचं फूल काढत होती आणि माझ्या तोंडून जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "तिथं कोणी नाही," एवढंच म्हणालो. मग पोतं, बाजरी, भाकरी, हेल्मेट, सगळं सांगितलं.

ती परडी धरून उभी राहिली. "जिवंत आहे?"

"आहे."

"तिथं कोणी नाही हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "रोप लावताना दोन फूट मीच खणलं. बांधकामाच्या विटा निघाल्या. म्हटलं, यांच्यानं पुरणं झालं नसेल, कालव्यात सोडून आले असतील आणि सांगायची लाज वाटत असेल. आज ना उद्या बोलतील."

"सहा वर्षं वाट बघितलीस?"

"मला बघून गेल्यावर होकार कळवायला तुम्हाला आठ महिने लागले होते." मग तिचा आवाज बदलला. "माझं सोडा. सहा वर्षं ती तिकडं हेल्मेटला भीत बसली आणि तुम्ही इथं चहा पीत होता."

जास्वंदीसमोरची खुर्ची मी उचलून आत नेली.

त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. स्कूटरनं जायला तिनं नकार दिला. एसटीनं गेलो, फाट्यावर उतरून वस्तीपर्यंत चाललो. बायको गोठ्याजवळ जाऊन खाली बसली आणि हाक मारली. तांबडी उठली, काळीही उठली. काळी शेपूट हलवत राहिली. तांबडी मात्र आधी रांगत, मग धडपडत आली आणि असा काही आवाज काढला की आबांनी टोपी काढून हातात घेतली.

"नेता का हिला?" आबांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. "तुमच्या रजिस्टरात काय नियम आहे?"

"जिथून उचललं तिथंच सोडायचं."

"तो तुम्ही मोडला. आता मी मोडायची नाही. तिचं घर हेच झालंय." मग आबांना म्हणाली, "मी महिन्यातून एकदा आले तर चालेल का?"

"चालंल म्हंजे? या की! च्या घिऊनच जायाचं."

तोपर्यंत तांबडी बायकोच्या चपलेवर डोकं ठेवून झोपी गेली होती. उठवायची कोणाची हिंमत नव्हती. आमची एसटी फाट्यावरून गेल्याचा आवाज आला, तरी ती हलली नाही. शेवटी बायकोनं चपला तिथंच ठेवल्या आणि उभी राहिली. माझ्या पायांकडे बघितलं.

मी चपला काढून तिच्यापुढं ठेवल्या. तिला दोन बोटं मोठ्या होत होत्या. फाट्यापर्यंत ती फटक फटक करत पुढं चालली आणि मी मागून अनवाणी. रस्ता डांबरी होता आणि दुपारचे दोन वाजले होते.