लाल ओळींमधली पहिली

मी लिहिलेला प्रोग्रॅम तपासून कंपायलरनं पुन्हा पडदाभर चुकांच्या लाल ओळी ओतल्या. घाबरायचं नसतं. कोडमध्ये कुठंतरी एक कंस मिटायचा राहिलेला असतो, आणि तेवढ्यानं कंपायलरला पुढचं धडधाकट लिहिलेलंही चुकीचं वाटू लागतं. म्हणून मी कोड लिहायच्या एडिटरमध्ये थेट पहिल्या चुकीवर जातो. ती सुधारली की खालच्या आपोआप जातात.

तेवढ्यात आईचा फोन आला. “नळ गळतोय रे. दूध नासलं. वरच्यांचा कुत्रा दुपारभर भुंकत होता.”

बाबा गेल्यापासून ती रोज असं काहीबाही सांगते. यातली पहिली ओळ कोणती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तिथं दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही.

“बरं,” मी म्हणालो, “आधी नळाचं बघू.”