एका बिडीपुरतं बोलणं

माझ्या सासरी रेडिओ आला तो लढाईच्या वर्षांत. चोरखमाऱ्याच्या तलावाखाली, पाटाच्या तोंडाशी आमचं गाव, आणि आजूबाजूच्या गावांत तेवढाच एक रेडिओ. त्याची बॅटरी भरायला गोंदियाला न्यावी लागे. पोस्टातून मिळालेला परवाना मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, काचेत बसवून देवांच्या तसबिरींशेजारी टांगला होता. कायद्याचं त्यांना भारी प्रेम. सासूबाई म्हणत, देवाला एखाद्या दिवशी फूल चुकेल, पण परवान्यावरची धूळ रोज पुसली जाते.

रेडिओची वार्ता लागताच पोलीस ठाण्याचा दरोगा चौकशीला आला. मी चहा घेऊन दाराआड उभी होते, म्हणून त्याचा शब्द न् शब्द ऐकला. दुश्मनाचं स्टेशन लोकांसमोर लावायचं नाही, सरकारविरुद्ध भाषण होऊ द्यायचं नाही, दिल्लीच्या बातम्या खुशाल ऐका. एवढं बोलून, चहा पिऊन तो गेला.

पण बातम्या ऐकून मुकाट्यानं घरी जाणारी माणसं आमच्याकडची नव्हेत. रेडिओ बंद झाला की ओसरीवर जुंपायची. सरकारनं धान उचलावं की नाही, पोरांनी पलटणीत जावं की नाही, देऊळ सगळ्यांना उघडावं की नाही. एकदा तर दोघं जण एकमेकांचं मुंडासं ओढायच्या बेतात आले. तेव्हा मामाजींनी आपला कायदा काढला. बोलायचं ते एका बिडीपुरतं, आणि ती बिडी ओढायची विरुद्ध बाजूच्या माणसानं. बिडी विझली की बोलणं संपलं. मग अदलाबदल.

यात गंमत अशी, की ज्याला मध्येच तोंड घालायचं त्याच्या तोंडात बिडी. तो बिचारा दुसऱ्याचं लवकर संपावं म्हणून भसाभसा झुरके घेई आणि खोकून बेजार होई. बायकांना बोलायची मुभा नव्हती, पण दाराआडून ऐकताना आम्ही पदर तोंडात कोंबून हसायचो. हसता हसता मला कौतुकही वाटे. न पटणाऱ्या माणसाचं इतका वेळ ऐकून घेणारी जागा मी तोवर दुसरी पाहिली नव्हती. मामाजी स्वतः मात्र यात कधी पडत नसत. तंबाखूला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता.

त्या वर्षी पावसानं आश्विनातच हात आखडता घेतला. माझं माहेर त्याच पाटाच्या शेपटाशी. तिकडे धान गर्भात आलेलं आणि बांध्यांना, म्हणजे धानाच्या शेतांना, भेगा पडलेल्या. तलावातून पाणी सुटलं होतं, पण आमच्या गावानं पाट अडवून धरला होता, आणि अडवलेल्या पाण्यात पहिल्या बांध्या आमच्याच होत्या. ओसरीवर कोणी तो विषय काढला, की मामाजी म्हणत, वादाच्या गोष्टी इथं नकोत, दरोग्याची मनाई आहे. मला फार संताप यायचा. जर्मनीच्या भांडणावर बिड्यांमागून बिड्या जळत होत्या आणि हाकेच्या अंतरावरचा पाट तेवढा वादाचा. पण कोणती गोष्ट वादाची, हे ज्याच्या ओसरीवर रेडिओ तोच ठरवत होता.

एके दिवशी दिवस कलताना माझे बाबा आले. चालत आले होते, ओठ सुकले होते. सासूबाईंनी गूळपाणी पुढं केलं, त्यांनी हात जोडले. आमच्यात बाप मुलीच्या घरचं पाणी पीत नाही. ते ओसरीच्या कडेला बसले आणि दिल्लीच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या. मग मामाजींनी नेहमीसारखं विचारलं, कोणाला काही बोलायचं आहे का? बाबा उठले. पाटाच्या पाण्याविषयी बोलायचं आहे, म्हणाले. मामाजी परवान्याकडे पाहत म्हणाले, की त्या विषयाला दरोग्याची मनाई आहे.

बाबा खाली बसायला लागले. व्याह्याच्या दारात वाद घालतील असे ते नव्हतेच. डोक्यावरचा पदर पुढं ओढून मी दारात आले.

"दरोगाजीनं पान्यावर बोलाले मनाई नोती केली," मी म्हणाले. "मी दाराआड उभी होती."

घराबाहेर काढतील, बाबांबरोबरच परत धाडतील, असंच वाटत होतं. मामाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते उठले, बिड्यांच्या ताटलीतली एक बिडी उचलली आणि पेटवून ओठात धरली. पाट अडवणाऱ्यांची बाजू आपली आहे, हे त्यांनी तेवढ्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं.

बाबा बोलू लागले. त्यांनी कोणावर ठपका ठेवला नाही. तिकडे धान कसं उभं आहे, किती दिवस तग धरेल, पाळीपाळीनं पाणी दिलं तर दोन्हीकडे कसं पुरेल, एवढंच सांगत होते. मामाजींना बिडी ओढता येत नव्हती. धूर डोळ्यांत जात होता, बिडी नुसती बोटांत राहत होती, आणि न ओढलेली बिडी विझते. तशी ती विझली. बाबा अर्ध्या वाक्यात थांबले. नियम नियम होता.

मामाजींनी काडी ओढली आणि तीच बिडी पुन्हा पेटवली.

"काऊन थांबून राहिले, इवाई?" ते म्हणाले. "बोला."

त्यानंतर ती किती वेळा विझली आणि किती वेळा पेटली, मी मोजलं नाही. माझे डोळे भरून आले होते. बाबांचं बोलून झालं तेव्हा मामाजींची पाळी आली, आणि त्यांच्यासाठी बिडी ओढायला बाबांनी हात पुढं केला. मामाजींनी ताटली बाजूला सारली. आपल्याला काही बोलायचं नाही, म्हणाले.

बाबा त्या रात्री गावातल्याच एका ओळखीच्याकडे टेकले. सकाळी मामाजी स्वतः गडी घेऊन पाटावर गेले आणि पाट अडवायला घातलेली माती काढून टाकली. बाबा निघायला आले तेव्हा सासूबाईंनी पुन्हा तांब्या पुढं केला. एवढ्या उन्हात चालायचं, एक घोट तरी घ्या, म्हणाल्या. बाबांनी हात जोडले आणि पाटाकडे बघितलं.

"पोरीच्या घरचं पानी आता माझी बांधी पेईल," ते म्हणाले. "मी कायले पेऊ?"