मेलेल्या मोबाईल बॅटऱ्यांचा पंखा

आधी पंख्याचंच सांगतो, कारण त्या उन्हाळ्यात तेवढी एकच गोष्ट माझ्या मनासारखी झाली, अन् ती पण धड न्हाई.

दोन हजार सालानंतरचा तो लोडशेडिंगचा काळ. आमचं गाव परतूरच्या जवळ. ऐन एप्रिलात ताई बाळंतपणाला घरी आल्ती, पोरगी झाल्ती, अन् लाईट सकाळी जेवणाच्या आधी जायची ती ऊन उतरल्यावरच यायची. पत्र्याची खोली. लेकराच्या मानेवर, पाठीवर, जिथं बघावं तिथं घामोळ्या. दाजी बघायला आले, लेकरू उचललं अन् म्हणले, "आमच्याकडं इन्व्हर्टर हाय. येत्या रविवारी दोघींना घिऊन जातो."

मायचं तोंड एवढुसं झालं. सवा महिना व्हायच्या आत बाळंतीण माहेराहून उठून गेली, मंग गावात तोंड कसं दाखवायचं? मला वाटलं, अरे, पंखाच पाह्यजे ना? बनवू की!

मी तेव्हा परतूरला कॉम्प्युटर क्लासला जायचो. तिथल्या एका जळालेल्या कॉम्प्युटरच्या डब्यातला छोटा पंखा सरांनी देऊन टाकला. बारा व्होल्टचा. आता करंट कुठून आणायचा? मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात टेबलाखाली खोकंभर जुन्या बॅटऱ्या पडलेल्या असायच्या. दुकानवाल्याला म्हणलं, "भाऊ, ह्या देता का?"

"मेलेल्या हायत त्या. काय करतो, दहावा घालतो का त्यांचा?"

"पंखा चालवतो."

"चालव बाबा. फुगलेल्या तेवढ्या घेऊ नको, पेटतीन."

माझा हिशोब एकदम सोपा. एक बॅटरी पावणेचार व्होल्टची, तीन एकामागं एक जोडल्या की पंखा फिरायलाच पाह्यजे. फिरला का? बिलकुल न्हाई! मीटर लावला की प्रत्येक बॅटरी ऐटीत पावणेचार व्होल्ट दाखवायची, अन् पंख्याला जोडली की लगेच खाली बसायची. एवढा राग यायचा! मीटरला खोटं बोलतात की काय ह्या? मंग कळलं की काम न देता व्होल्टेज बघण्यात अर्थच न्हाई. मी टॉर्चचा बल्ब आणला अन् एकेक बॅटरी त्याला लावून बसलो. बल्ब लगेच मंद झाला की फेक. तेवत राह्यला की ठेव. खोक्यातल्या कितीतरी गेल्या, हाताशी राह्यल्या सहा.

पुढं अजून ताप. तार जोडायला सोल्डरिंगचा डाग धरेना. बॅटरीवर जास्त वेळ गरम सोल्डरिंग टेकवायची भीती वाटायची. शेवटी पितळी पट्ट्या कापल्या, टोकांवर दाबल्या अन् सायकलच्या ट्यूबचे पट्टे करून आवळून टाकल्या. दोन-दोनची जोडी, अशा तीन जोड्या. चार्जिंगला खेकड्यासारखा चिमट्याचा चार्जर, तो घेणार एका वेळी एकच बॅटरी! अन् लाईट तर सकाळचीच, रात्रीची पण टिकंना. एक भरते न् भरते तोवर गेली लाईट. दाजींचा रविवार जवळ येऊन राह्यला, अन् मी चार्जरपुढं बसून त्याच्या लाल दिव्याला शिव्या देऊन राह्यलो.

शनिवारी दुपारी फिरला बाबा पंखा! भर्रर्र! पळतच खोलीत गेलो. ताई डोक्याला, कानाला फडकं बांधून पडल्याली, बाजेखाली ओवा-शेपाच्या धुरीची शेगडी. पंखा लेकराकडं धरला तर माय किंचाळलीच.

"बाळंतिणीला वारं घालतो? डोस्कं फिरलं का तुझं?"

"लेकराला घालून राह्यलो मी!"

"लेकरू कुठंय? तिच्याच कुशीत ना? जन्मभर कंबर धरीन तिची."

ताई म्हणली, "माय, येऊ दे ना गं जरासं."

"तू गप. कान झाक."

"अगं मंग आधी कामून न्हाई सांगितलं? आठवडाभर करून राह्यलो मी हे!"

"मला काय माहीत? मला वाटलं मोबाईल दुरुस्त करून राह्यला."

रात्रभर तळमळलो, अन् सकाळी डोक्यात आलं, पंखा उलटा लावू! खिडकीत, तोंड बाहेर. गरम हवा बाहेर जाईल, वारं कुणालाच लागणार न्हाई. लाईट गेल्यावर लावला. धुरीचा धूर बराबर खिडकीतून बाहेर चालला. माय मान हलवून म्हणली, "हां, हे चालन."

पण आतली हवा बाहेर गेली तर तिच्या जागी कुठली येणार? दारातून अंगणातली झळ आत यायला लागली! खोली होती त्याच्यापेक्षा तापली, लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं. पंखा मस्त चालू. मीच हातानं बंद केला. तेवढ्यात बाहेर दाजींच्या जीपचा हॉर्न.

मायनं ताईचं सामान बांधलं. जीपपाशी जाऊन फडकं पुन्हा घट्ट करून दिलं, दाजींना दहा वेळा बजावलं, वारं लागू देऊ नका.

दोन दिवसांनी मायनं माझ्या मोबाईलवरून ताईला फोन लावायला लावला. "कान बांधते ना गं?"

"हो माय."

"अन् लेकरू?"

"घामोळ्या बसल्या माय. शांत झोपली."

ताईच्या आवाजामागं छताच्या पंख्याची खटखट मला साफ ऐकू आली. मायलाही आली असणार. ती म्हणली, "बरं झालं," अन् मोबाईल माझ्या हातात देऊन सैपाकघरात गेली.