जातो नाही, जाते

“हस ना जरा,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याकडे सगळे हसतमुख असतात ना?”

लंडनमधल्या क्रॉयडनचा कम्युनिटी हॉल. रविवारची दुपार. समोर शंभरेक मराठी माणसं, नीटनेटकी, परफ्यूम लावलेली. मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. डॉक्टरांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, ट्रे काढून घेतला आणि मला खांद्याला धरून पडद्याशेजारी उभं केलं. दुकानाच्या काचेत पुतळा उभा करतात तसं.

पडद्यावर माझा देश होता. मॉरिशस. निळं पाणी, पांढरी वाळू, वर ‘स्वर्गात घर घ्या’ असं इंग्रजीत. डॉक्टर तिथे व्हिला घेत होते आणि मित्रांनाही घ्यायला लावत होते.

“लेबर इतकं चीप आहे ना तिथे! मेड, गार्डनर, ड्रायव्हर, सगळं मिळतं. आणि माणसं लॉयल. हिलाच बघा. आईला बाथरूमला नेण्यापासून सगळं करते, नेव्हर कम्प्लेन्स. सांग गं, रोज काय काय करतेस.”

मी म्हणाले, “मी सकाळी सातला आजींकडे जातो...”

अख्खा हॉल हसला.

“जातो नाही गं, जाते!” पहिल्या रांगेतून मॅडम ओरडल्या. मॅडम म्हणजे डॉक्टरांच्या बायको. “सो क्यूट! त्यांचं मराठी असंच असतं. कुली लोकांबरोबर गेलं ना ते.”

आमच्या घरातल्या बायका ‘जातो’च म्हणतात. खापरपणजीला कोकणातून उसाच्या मळ्यावर नेलं, तिच्याबरोबर जी भाषा आली ती आली. घरात आम्ही क्रिओल बोलतो, बेटावरची फ्रेंचसारखी बोली. शाळेत मराठीचा तास असायचा, म्हणून लिहिताना मला ‘जाते’ जमतं. तोंडातून मात्र ‘जातो’ निघतं. ते आईचं आहे.

हे तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझा व्हिसा डॉक्टरांच्या केअर एजन्सीवर होता. तीन वर्षं त्यांच्या आईचं सगळं करत होते आणि मान खाली घालत होते. त्या घरात माझा कप वेगळा होता. सिंकखालच्या कपाटात, ब्लीचच्या बाटलीशेजारी. पहिल्या दिवशी मॅडमनी दाखवला, “हा तुझा हं.” मीही त्यातच चहा प्यायले. तीन वर्षं! आज स्वतःचीच लाज वाटते.

आमच्या बेटाची कहाणी एवढीशी आहे. आधी माणसं आणली आणि साखर बाहेर पाठवली. युरोपने साखरेचा भाव पाडला, कारखाने बंद पडले. आईने कपड्यांच्या कारखान्यात इथल्याच, इंग्लंडच्या लोकांचे शर्ट शिवले. मग ऑर्डर आमच्याहून गरीब देशात गेली आणि एका सकाळी आई गेटच्या बाहेर. आता ऊस उपटून व्हिला लावतायत. त्यात आम्हाला झाडलोटीचं काम. ते करायचं नसेल तर विमानात बसा, परक्यांचे म्हातारे सांभाळा. साखर संपली, शर्ट संपले, आता आम्हालाच पाठवतात.

डॉक्टरांनी पुढची स्लाइड लावली. नकाशा. ती टेकडी मी ओळखली. साखर कारखान्याची मोडकी चिमणी ओळखली. चिमणीच्या पायथ्याशी मळ्याच्या कामगारांची वस्ती आहे, आम्ही तिला कांप म्हणतो. तिथे एक निळा चौकोन काढला होता. स्विमिंग पूल.

त्या चौकोनाखाली माझ्या आईचं घर. पत्र्याचं, दारात लिचीचं झाड असलेलं.

“इथे लोक राहतात,” मी म्हणाले.

डॉक्टर जवळ आले. चेहऱ्यावर हसू तसंच, आवाज खाली. “दे आर बीइंग मूव्ह्ड. तू फक्त सांग, लोक खूश आहेत. सोमवारी तुझा व्हिसा रिन्यूअलचा फॉर्म पाठवायचाय ना?”

तीन शब्दांचं तर काम. लोक खूश आहेत. तेवढं बोलले असते तर नोकरी राहिली असती, आईची औषधं चालू राहिली असती. तोंड उघडलं तेव्हाही मला वाटत होतं, मी तेच बोलणार.

“लोक खूश नाहीत. तो पूल माझ्या आईच्या घरावर आहे.”

आता कोणी हसलं नाही. कोणीतरी खोकलं. मॅडम म्हणाल्या, “अगं, सीन नको करूस. चहा दे सगळ्यांना.”

मी ॲप्रन काढून खुर्चीवर टाकला. दाराशी व्हीलचेअरमध्ये आजी, डॉक्टरांच्या आई, बसल्या होत्या. निघताना ‘जाते’ म्हणू नये, अशुभ असतं, ‘येते’ म्हणावं, हे मला त्यांनीच शिकवलं. रोज संध्याकाळी म्हणवून घ्यायच्या. काय झालं ते त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. सवयीने त्यांनी माझा हात धरला.

“येते म्हण गं.”

“नाही आजी. मी जातो.”

ट्रॅममध्ये ढसाढसा रडले. समोरच्या बाईने टिश्यू पुढे केला आणि नजर खिडकीकडे वळवली.

एजन्सीने काढून टाकलं. मग सरकारी पत्र आलं, साठ दिवस. तेवढ्यात दुसरा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. दिसेल त्या केअर होमला फोन केले. स्पॉन्सर करणार का विचारलं की फोन ठेवतात. भीती वाटते. खोटं कशाला सांगू?

काल आईचा फोन आला. व्हिलावाल्या कंपनीची माणसं रोज घर सोडायच्या कागदावर सही मागायला येतात. शेजारी सह्या करून चाललेत. आमच्याकडे जमिनीचा कागद नाही, नुसत्या चार पिढ्या आहेत. आई विचारत होती, “मी काय करू?”

झाडलोटीशिवाय तिथे मला काम नाही, ठाऊक आहे. तिथेही ती मोठी माणसं, मोठे वकील. जिंकू असं कोणी सांगितलेलं नाही. तरी ते सरकारी पत्र घडी घालून बॅगेत टाकलं आणि आईला म्हणाले,

“सही करू नको. दारात आपल्या दोघींच्या खुर्च्या टाकून ठेव. मी येतो.”